जियाजिंग सम्राट आणि त्याचे ताओवादी पुरोहित : सगळा दोष पुरोहितांच्याच माथी का?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत चीनच्या मिंग घराण्यातील जियाजिंग सम्राट आणि त्याच्या दरबारातील ताओवादी पुरोहित यांच्याविषयी प्रसिद्ध झालेला लेख वाचला. हा विषय मराठीत क्वचितच हाताळला जातो, त्यामुळे लेखकाचे आणि आपलेही आभार मानायला हवेत. मात्र लेखाचा सगळा रोख असा आहे की, ताओ झोंगवेन नावाच्या एका धूर्त पुरोहिताने भोळ्या सम्राटाला कह्यात घेतले आणि त्यामुळे राज्यकारभाराची वाताहत झाली. ही मांडणी ऐकायला सोपी असली तरी त्या काळातील नोंदींशी ती पुरती जुळत नाही. इतकेच नव्हे, तर ही मांडणी मुळात कोणी आणि कोणत्या प्रसंगी रचली याचाही माग त्याच नोंदींतून लागतो. म्हणून हा पत्रप्रपंच.

जियाजिंग हा युवराज म्हणून राजधानीत वाढलेला नव्हता. त्याचा चुलतभाऊ झेंगद सम्राट १५२१ मध्ये निपुत्रिक वारला, तेव्हा हुगुआंग प्रांतातल्या आन्लू येथून वयाच्या चौदाव्या वर्षी त्याला गादीवर बसवण्यासाठी बोलावून आणण्यात आले. बेजिंगच्या वेशीवर पोहोचताच पहिला खटका उडाला. त्याने युवराजाच्या रीतीप्रमाणे बाजूच्या दरवाजाने प्रवेश करावा, असे मंत्र्यांचे म्हणणे होते. मला सम्राट म्हणून बोलावले आहे, मी मुख्य दरवाजानेच येईन, असे त्याचे म्हणणे होते, आणि शेवटी तो मुख्य दरवाजानेच आला. पुढे कित्येक वर्षे वाद धुमसत राहिला तो त्याच्या दिवंगत वडिलांना सम्राटपदाचा मान द्यायचा की नाही, यावर. मंत्र्यांच्या मते त्याने दत्तक गेल्याप्रमाणे चुलत्याला वडील मानायला हवे होते आणि जन्मदात्याला काका म्हणायला हवे होते. १५२४ च्या उन्हाळ्यात दोनशेहून अधिक अधिकारी राजवाड्याच्या झुओशुन दरवाजापाशी गुडघे टेकून आक्रोश करू लागले, तेव्हा सम्राटाने शंभरावर लोकांना तुरुंगात टाकले आणि अनेकांना फटक्यांची शिक्षा दिली. त्या माराने सोळा-सतरा अधिकारी दगावले. वयाची सतरा वर्षेही पुरी न झालेल्या या मुलाला कोणी भोळा म्हणावे, हे मला तरी पटत नाही.

नेमके त्याच वर्षी जियांग्शी प्रांतातील लोंगहू पर्वतावरून शाओ युआनज्ये हा ताओवादी पुरोहित राजधानीत बोलावला गेला. सम्राटाच्या वडिलांच्या घरातच ताओवादी उपासनेचे वळण होते आणि ज्या प्रांतात तो वाढला त्याच प्रांतात वुदांग हे ताओपंथीयांचे मोठे पर्वतक्षेत्र आहे, त्यामुळे श्रद्धेचा भाग होताच. परंतु श्रद्धेइतकेच महत्त्वाचे आणखी एक कारण होते. मिंग दरबारातला प्रत्येक मोठा अधिकारी कन्फ्यूशियसच्या ग्रंथांवरील परीक्षा उत्तीर्ण होऊन आलेला असे. त्याच्यामागे त्याचे परीक्षक, त्याचे सहाध्यायी, त्याच्या गावचे लोक असा गोतावळा उभा असे, आणि सम्राटाने कसे वागावे हे सांगण्याचा आपल्याला अधिकारच आहे, अशी त्याची समजूत असे. पुरोहिताकडे यांपैकी काहीही नव्हते. त्याचे पद, त्याचे निवासस्थान, त्याची जपमाळदेखील सम्राटाच्या मर्जीवर अवलंबून. ज्याला आपल्याच मंत्र्यांचा वीट आला आहे अशा राज्यकर्त्याला असा माणूस जवळचा वाटला, यात नवल ते कसले?

शाओची कामगिरी म्हणजे पाऊस आणि बर्फ यांसाठीची अनुष्ठाने आणि मुख्यतः वंशाला दिवा मिळावा म्हणून केलेल्या प्रार्थना. सम्राटाला बरीच वर्षे मुलगा नव्हता. १५३३ मध्ये झालेला पहिला मुलगा दोनच महिन्यांत गेला. १५३६ मध्ये दुसरा झाला, तेव्हा शाओला धार्मिक विधी-समारंभ खात्याच्या मंत्र्याचा दर्जा आणि पहिल्या श्रेणीच्या अधिकाऱ्याचा पोशाख देण्यात आला. परीक्षा देऊन तिथवर पोहोचायला लोकांचे आयुष्य खर्ची पडत असे, हे लक्षात घेतले म्हणजे अधिकारीवर्गाचा जळफळाट समजू शकतो.

आता ताओ झोंगवेन. हा हुआंगगांगचा राहणारा. जिल्हा कचेरीत कारकुनी करून पुढे लियाओदोंगमध्ये कोठाराचा साधा अधिकारी झालेला. त्याला मंतरलेल्या पाण्याचे उपचार येत असत. नोकरीची मुदत संपल्यावर तो राजधानीत आला आणि शाओच्या घरी उतरला. राजवाड्यात काळ्या आकृत्या दिसतात अशी आवई उठली होती आणि थकलेल्या शाओला ते आवरेना, म्हणून त्याने ताओचे नाव सुचवले. ताओने तलवारीवर मंतरलेले पाणी फुंकून शिंपडले आणि आकृत्या दिसेनाशा झाल्या; पुढे युवराजाला देवी आल्या, त्याही त्याच्या प्रार्थनेने बऱ्या झाल्या, असे मानले गेले. १५३९ मध्ये सम्राट वडिलांची कबर पाहण्यासाठी दक्षिणेकडे निघाला, तेव्हा आजारी शाओऐवजी ताओ बरोबर होता. वेईहुई येथे एक वावटळ सम्राटाच्या पालखीभोवती फिरू लागली. याचा अर्थ काय, असे सम्राटाने विचारले. ताओ म्हणाला, आगीचे चिन्ह आहे. त्याच रात्री मुक्कामाच्या वाड्याला आग लागली, राजपरिवारातल्या पुष्कळ दासी जळून मेल्या, आणि सम्राटाला लू बिंग या अंगरक्षक अधिकाऱ्याने बाहेर काढले. या एका रात्रीने ताओचे नशीब उघडले. संशयी वाचकाच्या मनात इथे एक शंका येणारच. ती माझ्याही मनात आली, पण आग ताओनेच लावली असा आरोप त्याच्या शत्रूंनीही केलेला नाही, आणि त्याला शत्रू थोडे नव्हते.

त्यानंतर मानमरातबांचा वर्षाव झाला. सम्राटाचे तीन कनिष्ठ गुरू म्हणून जी मानाची पदे होती, ती तिन्ही एकाच वेळी धारण करणारा संपूर्ण मिंग काळातला हा एकमेव माणूस. सम्राट त्याला नावाने हाक मारत नसे, गुरू म्हणत असे, आणि आपल्यासमोर बसायला सांगत असे. इथपर्यंत लेखकाचे म्हणणे खरेच आहे. प्रश्न असा की, या जवळिकीतून त्याने राज्यकारभारात नेमके काय केले?

१५५० च्या वसंतातला एक प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. हू झुआनझोंग नावाचा एक ज्येष्ठ अधिकारी आणि त्याच्याबरोबर कित्येक जण तुरुंगात पडले होते. त्या सुमारास राजधानीत अशुभ मानल्या जाणाऱ्या घटना लागोपाठ घडू लागल्या, तेव्हा सम्राटाने ताओला कारण विचारले. त्याने उत्तर दिले की, कोणीतरी अन्यायाने तुरुंगात असावे, आणि पाऊस पडला म्हणजे अरिष्ट टळेल. थोड्याच दिवसांत या खटल्याची कागदपत्रे सम्राटापुढे आली. त्याने शिक्षा सौम्य केल्या, आणि पाऊस पडला. ताओला कैद्यांना न्याय मिळवून दिल्याबद्दल सरदारकी आणि वर्षाला १२०० ‘शी’ (धान्य मोजण्याचे चिनी माप) धान्याचा तनखा मिळाला. पावसाचे श्रेय कोणाला द्यायचे ते ज्याचे त्याने ठरवावे, पण जी गोष्ट मंत्र्याने उघडपणे मांडली असती तर त्यालाच फटके बसले असते, ती गोष्ट पुरोहित आकाशातल्या चिन्हांच्या आडून सांगू शकत होता आणि सम्राट ती स्वतःचा मान राखून ऐकू शकत होता. पुरोहिताच्या प्रभावाची ही बाजू लेखात अजिबात आलेली नाही. अधिकृत मिंग इतिहासाने, जो पुढच्या राजवटीत पंडितांनी रचला आणि १७३९ मध्ये पूर्ण झाला, शाओ आणि ताओ दोघांनाही खुशमस्कऱ्यांच्या प्रकरणात टाकले आहे; पण त्या प्रकरणातही ताओबद्दल असे म्हटले आहे की, वीस वर्षे मर्जीत राहूनही तो जपून, सावधपणे वागला आणि त्याने मनमानी केली नाही. आजारपणामुळे घरी परतण्याची परवानगी मागताना त्याने वर्षानुवर्षे मिळालेले रत्नजडित अलंकार, मुकुट आणि दहा हजार लियांग (वजनाचे चिनी माप) चांदी परत केली, हेही तिथेच लिहिले आहे.

याचा अर्थ ताओ निर्दोष होता असा मुळीच नाही, आणि माझ्या पत्राचा कोणी तसा अर्थ घेऊ नये. सम्राट आणि युवराज हे दोन ड्रॅगन आहेत, त्यांची भेट होऊ नये, हा सल्ला त्याचाच. १५४९ मध्ये युवराज प्रौढत्वाच्या विधीनंतर काही दिवसांतच वारला, तेव्हा सम्राटाला तो सल्ला खरा ठरल्यासारखा वाटला, आणि नंतर मरेपर्यंत त्याने कोणालाही युवराज म्हणून जाहीर केले नाही. हयात असलेला मुलगा बापाच्या नजरेआड वाढला आणि पुढे अशाच अर्धवट तयारीनिशी गादीवर बसला. दीर्घायुष्याच्या औषधांचे प्रकरण तर याहून वाईट. १५५२ मध्ये आठ ते चौदा वर्षांच्या तीनशे मुली आणि १५५५ मध्ये दहा वर्षांखालच्या एकशे साठ मुली राजवाड्यासाठी निवडण्यात आल्या, आणि त्या ताओच्या सांगण्यावरून औषधे बनवण्याच्या कामी होत्या, असे मिंग काळातल्याच एका लेखकाने नमूद केले आहे. मुलींच्या पहिल्या विटाळाचे रक्त या औषधांत वापरले जाई. या मुलींपैकी एकीचेही नाव इतिहासात उरलेले नाही. लेखात हा भाग एका वाक्यात उरकला आहे, याची मला खंत वाटली.

लेखकाने १५४२ च्या हल्ल्याचाही संबंध थेट या औषधांशी जोडला आहे. यांग जिन्यिंग आणि तिच्याबरोबरच्या दासींनी रात्री झोपलेल्या सम्राटाचा दोरीने गळा आवळण्याचा प्रयत्न केला. गाठ चुकीची बसल्याने दोर आवळेना, एक दासी घाबरून सम्राज्ञीकडे धावली, आणि सम्राट वाचला. सोळा दासी आणि दोन राण्या यांना तुकडे तुकडे करण्याची शिक्षा झाली. कारणाबद्दल मात्र इतिहासकारांचे एकमत नाही, आणि वर सांगितलेल्या दोन्ही निवडी या घटनेनंतर दहा-तेरा वर्षांनी झालेल्या आहेत, हे ध्यानात ठेवायला हवे. हल्ल्यानंतर सम्राट निषिद्ध नगरीतला, म्हणजे बेजिंगच्या मुख्य राजवाड्यातला, मुक्काम सोडून पश्चिम उद्यानात राहायला गेला तो कायमचा. दरबार भरवणे त्याने आधीच जवळजवळ बंद केले होते. तरीही कारभार त्याने सोडला नव्हता: अर्ज वाचणे, शेरे मारणे, चिठ्ठ्या पाठवून मंत्र्यांना एकमेकांविरुद्ध खेळवणे हे सारे उद्यानातूनच चाले. कह्यात गेलेल्या माणसाचे हे वर्तन नव्हे.

माझ्या मते पुरोहितांचा खरा परिणाम पाहायचा असेल तर तो पुरोहितांपेक्षा मंत्र्यांवर झालेला पाहावा. ताओवादी अनुष्ठानात स्वर्गाला उद्देशून एक स्तोत्र लिहून जाळले जाई. निळसर हिरव्या कागदावर लाल शाईने, आलंकारिक जोडवाक्यांत ते लिहायचे असे. ही स्तोत्रे लिहायला पुरोहितांपेक्षा परीक्षा उत्तीर्ण झालेले विद्वान अधिक उपयोगी होते, आणि सम्राटाने ते काम सर्वोच्च मंत्र्यांना लावले. शाओच्याच जिल्ह्यातला श्या यान सुरुवातीला या स्तोत्रांमुळेच वर चढला, पण पुढे कंटाळला. सम्राटाने मंत्र्यांना ताओवादी पद्धतीच्या सुवासिक पानांच्या टोप्या भेट दिल्या, तेव्हा हा दरबारी पोशाख नव्हे असे म्हणून त्याने ती घातली नाही. त्याचा प्रतिस्पर्धी यान सोंग याने नुसती टोपीच घातली नाही, तर सम्राटाच्या नजरेत भरावी म्हणून ती तलम वस्त्राने झाकून मिरवली. १५४८ मध्ये श्या यानचा शिरच्छेद झाला, अर्थात सरहद्दीवरच्या एका मोहिमेचे निमित्त करून. यान सोंग १५६२ पर्यंत सत्तेवर राहिला. युआन वेई या आणखी एका विद्वान मंत्र्याची बढती तर सम्राटाच्या लाडक्या मांजरीच्या मृत्यूनंतर लिहिलेल्या स्तोत्रातल्या ‘सिंहाचा ड्रॅगन झाला’ या कल्पनेवर झाली, असे सांगतात. सुभेदारांनाही हवेचा रुख कळला: किनाऱ्यावर समुद्री चाच्यांशी लढणाऱ्या हू झोंगश्यान याने १५५८ मध्ये पांढरे हरीण पाठवून सम्राटाची शाबासकी मिळवली. यातले एकही काम कोणा पुरोहिताने गळ्यात मारलेले नव्हते. ती सगळी विद्वानांनी राजीखुशीने केली.

ज्यांनी केली नाहीत त्यांचे काय झाले, हेही नोंदींत आहे. दुआन चाओयोंग नावाच्या किमयागाराने आपण बनवलेल्या चांदीच्या भांड्यांत जेवल्यास अमरत्व मिळते, असे सांगितले, आणि सम्राटाने बालवयातल्या युवराजाकडे कारभार सोपवून एकांतात जाण्याचा बेत केला. १५४० मध्ये यांग झुई या अधिकाऱ्याने त्याला विरोध करताच त्याला फटके मारवून ठार करण्यात आले. दुआनची लबाडी काही काळाने उघडी पडली आणि तो तुरुंगात मेला. हुकूम देणारा मात्र दोन्ही वेळा सम्राटच होता.

पुरोहितांचा वापर मंत्र्यांनी एकमेकांविरुद्धही केला. यान सोंगचा प्रतिस्पर्धी श्यू ज्ये याने लान दाओशिंग या ताओवाद्याला सम्राटापर्यंत पोहोचवले. लान वाळूवर उमटणाऱ्या अक्षरांतून देवांची उत्तरे मिळवत असे. साम्राज्यात सुव्यवस्था का नाही, या प्रश्नावर देवाने यान सोंगचे नाव घेतले. मग देव त्याला शिक्षा का करत नाहीत, असे सम्राटाने विचारले. ते काम सम्राटासाठी राखून ठेवले आहे, असे उत्तर आले. ही बातमी बाहेर फुटली, झोऊ यिंगलोंग या अधिकाऱ्याने लगेच यान सोंगच्या मुलावर आरोपपत्र दाखल केले, आणि वीस वर्षे पाय रोवून बसलेला मंत्री १५६२ मध्ये पायउतार झाला. यान सोंगच्या माणसांनी लानला अडकवले आणि तो तुरुंगात मेला. श्यू ज्येला काहीही झाले नाही, तो मुख्य मंत्री झाला.

१५६६ मध्ये हाय रुई या महसूल खात्यातल्या मध्यम दर्जाच्या अधिकाऱ्याने स्वतःसाठी शवपेटी विकत घेऊन, घरच्यांचा निरोप घेऊन जो प्रसिद्ध अर्ज लिहिला, त्यात त्याने ताओचे नाव घेतले आहे. आपण ताओ झोंगवेनला गुरू म्हटलेत, तो तर मेला. तो स्वतः अमर झाला नाही, मग महाराज एकट्याने अमरत्व का शोधत आहेत, असे तो विचारतो. पण अर्जाचा सगळा मारा सम्राटावर आहे. पुरोहिताने फसवले, अशी सोयीची पळवाट हाय रुईने सम्राटाला ठेवलेली नाही, आणि मला वाटते म्हणूनच तो अर्ज सम्राटाला एवढा झोंबला. हाय रुई तुरुंगात गेला. १५६७ च्या जानेवारीत सम्राट वारल्यावर सुटला.

ती पळवाट काढून दिली श्यू ज्येने. मृत सम्राटाच्या नावाने जे अंतिम आज्ञापत्र निघाले, ते त्याने लिहिले होते. आपण आजारी असल्यामुळे दीर्घायुष्याच्या मागे फार लागलो आणि त्याचा फायदा घेऊन दुष्टांनी आपल्याला भुलवले, असे त्यात सम्राटाच्या तोंडी घातले आहे. आपल्या लेखात आलेली मांडणी शब्दाशब्दाने या आज्ञापत्राची आहे. ते लिहिणारा हात पंधरा-वीस वर्षे हिरव्या कागदावरची स्तोत्रे लिहीत आला होता, ही गोष्ट त्यात अर्थातच नाही. त्यानंतर मृत ताओचे सर्व किताब काढून घेण्यात आले, त्याचा मुलगा आणि वांग जिन प्रभृती औषधे बनवणारे यांना देहान्ताची शिक्षा सुनावली गेली; तीन वर्षांनी गाओ गोंग हा मंत्री सत्तेवर आला, त्याने दिवंगत सम्राट औषधाने मेला असे म्हणणे हा त्याचाच अपमान आहे, असा मुद्दा काढला, आणि ती शिक्षा हद्दपारीवर आली. स्तोत्रलेखनासाठी नावाजलेला ली चुनफांग मात्र १५६८ मध्ये साम्राज्याचा मुख्य मंत्री झाला होता.

लेखमालेचा पुढचा भाग याच सम्राटावर असल्याचे आपण जाहीर केले आहे. त्यात ताओ झोंगवेनबरोबर श्यू ज्ये, युआन वेई आणि ली चुनफांग यांच्या स्तोत्रांनाही जागा मिळावी, आणि त्या चारशे साठ मुलींना एका वाक्याहून अधिक मिळावी, अशी लेखकाला आपल्यामार्फत विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक